बिलावर वेळ छापणारं प्लॉटिंगचं दुकान

जळगावात रिंग रोडवरून आत वळलं की दुसऱ्या गल्लीत हे दुकान आहे. पाटीवर दुकानाचं नाव नाही, नुसतं ‘प्लॉटिंग, झेरॉक्स, ट्रेसिंग, लॅमिनेशन’. प्लॉटिंग म्हणजे इमारतींचे नकाशे मोठ्या कागदावर छापून देणं. मालकांना सगळे नाना म्हणतात, मूळचे अमळनेरकडचे. रात्री बारापर्यंत उघडं असतं, आणि दुसऱ्या दिवशी कोणाचं सबमिशन असेल तर नाना त्याहून उशिरापर्यंत थांबतात. मी २०१९ पासून इथे येते. आधी एका आर्किटेक्टच्या ऑफिसची ज्युनिअर म्हणून यायचे, आता दुसऱ्या ऑफिसकडून येते. पाचपैकी साडेचार तारे देते आहे. अर्धा का कापला तेही सांगेन.

आधी कामाबद्दल. ए-वन आकाराचा कागद काळं-पांढरं ३५ रुपये, त्याच्या दुप्पट मोठा ए-झिरो ७०, रंगीत घेतलं तर अडीचपट. गोलाणी मार्केटच्या बाजूला पाच-सात रुपये कमी पडतात, पण तिथे आपण जेवायला घरी पोचायच्या आत शटर खाली येतं. आणि तिथे फाइल दिली की ती तशीच मशीनला जाते. नानांकडे काम करणारा मुलगा आधी फाइल उघडून बघतो. जिन्यापाशी झूम करतो, कारण रेघांची जाडी बिघडली असेल तर ती सगळ्यात आधी जिन्यात दिसते: पायऱ्या, कटलाइन, रेलिंग, सगळं एकाच जाडीचं काळं होऊन बसतं. डीडब्ल्यूजी, म्हणजे नकाशाची मूळ फाइल, आणली आणि रेघांची जाडी ठरवणारी सीटीबी फाइल विसरली, तर तो थेट सांगतो, “ताई, अशी काढली तर भिंत आणि टाइल सारखीच दिसेल.” त्याच्याकडे आमच्या पाच-सहा ऑफिसांच्या सीटीबी फाइली जपून ठेवलेल्या आहेत.

पहिला कागद बाहेर आला की तो त्रिकोणी स्केल काढतो. एकास शंभरच्या नकाशात तीन मीटरची खोली तीन सेंटिमीटर भरली पाहिजे. कोणी घाईत ‘फिट टू पेपर’वर, म्हणजे कागदात मावेल तसं छापण्यावर, टिक ठेवली असेल तर ती दोन सेंटिमीटर नऊ मिलिमीटर भरते. डोळ्यांना कळत नाही, पण साइटवर मिस्त्री त्याच कागदावर पट्टी ठेवून वीट लावतो. हा मुलगा दहावीनंतर शाळेत गेला नाही. त्याने माझे निदान चार कागद वाया जाण्यापासून वाचवले आहेत, आणि एकदा एका बंगल्याचा जिनाही वाचवला आहे.

परवानगीचं काम आता बरंचसं ऑनलाइन झालं, तरी साइटवर, बँकेत आणि क्लायंटच्या हातात कागदच लागतो. म्हणून प्रस्तावित काम लाल, पाडायचं काम पिवळं, हे रंग नीट उतरायला लागतात. मे महिन्यात मात्र इथे लाल रंग नारिंगीकडे झुकतो. बाहेर पंचेचाळीस अंश, आत एसी नाही, दोन कूलर आणि तापलेली मशीन. रंगीत सबमिशन असेल तर उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत जा.

घडी घालण्याचं वेगळं सांगायला हवं. ए-झिरोची घडी इथे अशी पडते की ए-फोरच्या आकारात टायटल ब्लॉक, म्हणजे नकाशाच्या नाव-माहितीची चौकट, बरोबर वर येतो आणि पंचिंगची पट्टी डावीकडे मोकळी राहते. मी स्वतः कॉलेजात पाच वर्षं घड्या घातल्या, इतकी सरळ एकही जमली नाही.

पण मी हे लिहायला बसले ते बिलासाठी.

नानांच्या काउंटरवर छोटं बिलिंग मशीन आहे. त्यातून निघणाऱ्या चिठ्ठीवर ऑफिसचं नाव, कागदाचा आकार, नग, रक्कम आणि खाली तारीख-वेळ येते. ऑफिसांची उधारी महिन्याने वसूल होते, म्हणून नाना प्रत्येक चिठ्ठीची दुसरी प्रत वहीत चिकटवतात, आणि फाइल कोण घेऊन आलं त्याचं नाव पेनाने बाजूला लिहितात. पैशाचा घोळ होऊ नये एवढाच त्यांचा हेतू. पण मी ज्या ऑफिसात तीन वर्षं काढली तिथे मस्टर नव्हतं, जॉइनिंग लेटर नव्हतं, पगाराची स्लिप नव्हती. पगार कधी रोख मिळायचा, कधी जीपेवर. मी तिथे रात्री किती वाजेपर्यंत होते याचा जगात एकच लेखी पुरावा होता, आणि तो नानांच्या वहीत होता.

मला हे उशिरा कळलं. नाशिकला पाच वर्षं बी.आर्क. करून आले तेव्हा दहा हजारांवर लागले. सकाळी साडेनऊला जायचं ठरलेलं होतं, निघायचं कधी हे कोणी ठरवलंच नव्हतं. मी भुसावळहून रेल्वेच्या पासवर अप-डाउन करायचे. संध्याकाळची गाडी चुकली की नंतरची, तीही चुकली की जळगावातल्या मावशीकडे मुक्काम. मावशीकडे माझा टूथब्रश कायमचा असायचा. साइटवर स्वतःच्या गाडीने जायचं, पेट्रोल स्वतःचं. लॉकडाऊनमध्ये पगार निम्मा झाला आणि पूर्ण व्हायला पुढची दिवाळी उजाडली. मी कधी मोजलं नाही, कारण कॉलेजातही आम्ही रात्र-रात्र जागायचो आणि जो जास्त जागेल त्याचं कौतुक व्हायचं. झोप न घेणं म्हणजे कामावर प्रेम, हे आमच्या अंगात तिथेच मुरलं होतं.

मोजायला पप्पांनी लावलं. ते भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये फिटर होते. आजोबाही रेल्वेतच, १९७४ च्या मे महिन्यातल्या संपात वीस दिवस घरी बसलेले. आमच्याकडे युनियनची पावती देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात असते, रेशनकार्डाशेजारी. एका रात्री पप्पांनी सहज विचारलं, “जादा तासांचं काय देतात?” मी म्हटलं, “आमच्यात तसं नसतं.” ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, “तुमच्यात म्हणजे कुणात?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी नानांकडे गेले आणि वही मागितली.

तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या आम्ही दोघांनी मिळून काढल्या. माझं नाव असलेल्या एकूण ४१. त्यातल्या २३ रात्री साडेनऊनंतरच्या. सगळ्यात उशिराची १२:५१ ची. नाना अहिराणीत म्हणाले, “कागद मना, शाई मनी, पन झोप ते तुनी जाई राहिनी ना!” मग त्यांनी त्या २३ चिठ्ठ्यांची झेरॉक्स काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

साडेनऊचा आकडा मी मनाने धरलेला नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बाईला सकाळी सात ते रात्री साडेनऊ याच वेळेत कामावर ठेवता येतं. त्यापुढे ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षेची व्यवस्था हवी आणि घरापर्यंत पोचवायची सोय हवी. त्याच कायद्यात तेव्हा दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि त्यावरच्या तासांना दुप्पट दर. वाचून मला हायसं वाटलं. मग कायदा कोणाला लागू ते कलम वाचलं आणि खाली बसले. कायदा आला तेव्हा तो लागू होता दहा किंवा जास्त कामगार असलेल्या जागेला. आमच्या ऑफिसात सरांना सोडून आम्ही सहा होतो.

दहाचा आकडा पुढे सगळीकडे भेटत गेला. ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याला, दहा. ग्रॅच्युइटीला दहा, वर सलग पाच वर्षांची नोकरी. भविष्य निर्वाह निधीला तर वीस. जळगाव, धुळे, नंदुरबारमधली माझ्या माहितीतली आर्किटेक्टची ऑफिसं चार, पाच, फार तर आठ माणसांची. कायदे खिडकीबाहेरून निघून जातात. मोठ्या शहरातले लोक म्हणतात, लेबर ऑफिसरकडे जा. आमच्यासारख्यांनी जाताना सोबत आणखी चार माणसं कुठून आणायची?

मी सरांपुढे ते २३ कागद ठेवले. त्यांचं नाव इथे घेणार नाही, आणि त्यांच्याबद्दल मला खोटंही लिहायचं नाही. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले, “आम्ही पण असंच शिकलो. तेव्हा तर पगारही नव्हता.” मग त्यांनी ड्रॉवरमधून क्लायंटकडे अडकलेल्या फीची यादी काढून दाखवली. ती खरी होती, मीच टाइप केली होती. क्लायंटकडून किती टक्के फी घ्यावी याचं कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं कोष्टक आहे, पण इथे सौदा होतो स्क्वेअर फुटावर, आणि शेजारी कोणीतरी त्याहून दोन रुपये कमी सांगायला बसलेलं असतंच. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९७२ चा आर्किटेक्ट्स ॲक्ट ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद राखून ठेवतो, कामाचा मक्ता देत नाही. ज्याची नोंदणी नाही त्यानेही नकाशे काढायला त्या कायद्याने मनाई नाही. म्हणजे वरून फी दाबली जाते, हे सरांचं दुःख मला मान्य आहे. पण ती दाबलेली फी शेवटी कोणाच्या झोपेतून भरून निघते, हे त्या २३ कागदांवर मिनिटासह छापलेलं होतं. त्यांनी पगार दोन हजारांनी वाढवला. पत्र द्यायला नकार दिला. मी दोन महिन्यांनी सोडलं.

नानांच्या दुकानात रात्री दहानंतर ग्राहक असतात ते बहुतेक आमच्यासारखेच. वेगवेगळ्या ऑफिसांचे ज्युनिअर, सहाव्या महिन्याला चेहरा उतरलेले इंटर्न, गळ्यात पेनड्राइव्ह. आधी आम्ही एकमेकांशी बोलायचो नाही, कारण आमची ऑफिसं एकमेकांची काँट्रॅक्टं पळवतात आणि स्क्रीनवर कोणाचा प्लॅन उघडा आहे तो बघू नये असा शिष्टाचार आहे. २०२२ च्या हिवाळ्यात एका रात्री वीज गेली. दुकानातला इन्व्हर्टर दिवे आणि पंखे ओढतो, मोठी मशीन ओढत नाही. दीड तास पाच जण नुसते बसून. नानांच्या घरून भरीत आणि कळण्याची भाकरी आली. खाता खाता पारोळ्याच्या एका मुलाने विचारलं, “तुम्हाला किती देतात?” पाच वर्षं शिकलेल्या माणसांनी हा प्रश्न एकमेकांना पहिल्यांदा विचारला तो अंधारात, पत्रावळीवर.

आकडे ऐकून जेवण थांबलं. एकाच बॅचचे, एकाच कॉलेजचे दोघे, दोन गल्ल्या सोडून कामाला, आणि पगारात साडेचार हजारांचा फरक. ज्याला कमी होता त्याला सांगितलेलं होतं की जळगावात हाच रेट आहे. इंटर्न मुलीला शून्य मिळत होतं आणि वर प्लॉटिंगचे पैसे ती आधी स्वतःच्या खिशातून भरत होती.

त्या रात्री नानांनी संपत आलेल्या रोलचा एक तुकडा कापून दिला, साधारण दीड मीटर, छत्तीस इंची. त्यावर आम्ही रकाने आखले. अनुभव किती वर्षं, पगार, रोजचे तास, रविवार सुटतो का, पगार कितव्या तारखेला, पेट्रोल कोण भरतं, पत्र आहे का. नाव नाही, ऑफिस नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळं ड्राफ्टिंगच्या मोठ्या अक्षरांत. तो कागद मशीनच्या मागच्या भिंतीला आतल्या बाजूने लागला. बाहेरच्या ग्राहकाला तो दिसत नाही. ज्याला लिहायचं त्याने आत जायचं.

हाच तो कागद ज्यामुळे मी या दुकानाला चांगलं दुकान म्हणते. नोकरीच्या मुलाखतीला जाणारा पोरगा आधी इथे येऊन बघतो. ‘इथला रेट’ हा शब्द आता कोणी आम्हाला ऐकवू शकत नाही, कारण इथला रेट भिंतीवर आहे.

पुढे आम्ही नऊ जण झालो, सात ऑफिसांतले. एकीने मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं की न्यू यॉर्कमध्ये शॉप नावाच्या मोठ्या आर्किटेक्ट फर्ममधल्या लोकांनी डिसेंबर २०२१ मध्ये युनियन जाहीर केली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अर्ज मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात तिथल्याच बर्नहायमर नावाच्या विसेक माणसांच्या ऑफिसात मालकाने स्वतःहून युनियन मान्य केली. दुसरी बातमी तिने दोनदा वाचली. लंडनकडे २०१९ पासून आर्किटेक्चरमधल्या कामगारांचा एक गट युनियनमध्ये आहे. आम्ही नऊ जण हे सगळं ए-वनच्या रोलवर बसून ऐकत होतो, आणि मला भुसावळच्या घरातली ती पावती आठवत होती. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, “आपल्याकडे सात जण पुरतात अर्जाला.” बरोबर होतं, १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात सातचा आकडा होता. पण २००१ च्या दुरुस्तीने त्यात भर पडली: त्या आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांतले जे कमी तितके सभासद हवेत, आणि सातच्या खाली नाहीच. सात वेगवेगळ्या ऑफिसांतल्या नऊ जणांनी हे कसं बसवायचं यावर आमची अजून चर्चा चालू आहे. नोंदणी केलेली नाही.

तोवर तीन गोष्टी ठरल्या. पत्राशिवाय कोणी रुजू व्हायचं नाही. फुकटची इंटर्नशिप कोणी घ्यायची नाही, आणि आपल्या कॉलेजच्या ज्युनिअरला तशी सुचवायचीही नाही. आणि एकाने सोडलेल्या जागेवर जाण्याआधी त्याला फोन करून का सोडलं ते विचारायचं. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त चालली. माझ्या जुन्या ऑफिसात माझ्या जागेवर आलेल्या मुलीने मला फोन केला, मी सगळं सांगितलं, आणि तिने आधी पत्र मागितलं. तिला मिळालं. एका पानाचं, तासांचा उल्लेख नसलेलं, पण मिळालं. मला हेवा वाटला, आणि रात्रभर आनंदही झाला.

सगळं चांगलंच झालं असं नाही. पारोळ्याच्या त्या मुलाने पगाराची तारीख लावून मागितली आणि त्याला महिनाअखेरीस येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. घरी सांगायची त्याला हिंमत होत नव्हती. तो पंधरा दिवस नानांच्या दुकानात घड्या घालत बसला, नाना त्याला रोजचे चारशे देत होते. आता तो संभाजीनगरला आहे. त्याची ओळ भिंतीवर तशीच आहे, शेवटच्या रकान्यात ‘पत्र नाही’. आम्ही ती खोडली नाही.

आता तो अर्धा तारा. या दुकानात बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. रात्री अकरा वाजता, चार तास थांबायचं असताना, आम्ही पाणीच प्यायचो नाही, मे महिन्यातही. दोन वर्षं हे कोणी बोललं नाही, मीसुद्धा नाही. शेवटी आम्ही तिघींनी मिळून नानांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा एवढासा झाला. त्या दिवसापासून वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या घराची किल्ली काउंटरच्या खिळ्याला असते आणि काकू दिवा चालू ठेवतात. पण खाली दुकानात सोय अजून नाही, आणि अनोळखी नवी मुलगी किल्ली मागायला लाजते. ती सोय व्हायलाच हवी. झाली की तारा पूर्ण करेन. गाडी लावायला गल्लीत जागा कमी आहे, पण रात्री अडचण येत नाही.

आणखी एक पाहिलेलं सांगते. मागच्या श्रावणात साडेअकराला एक इंटर्न मुलगा रोलच्या ढिगाला टेकून झोपला होता. बारा शीट निघायच्या होत्या. नानांनी त्याला उठवलं नाही. शीटा निघाल्या, दुकानातल्या मुलाने स्केल लावून तपासल्या, घड्या घातल्या, रबर लावला, आणि मग नानांनी त्या इंटर्नच्या खांद्याला हात लावून विचारलं, “का रे भाऊ, जेवण व्हयनं का?” तो दचकून उठला आणि पहिला शब्द बोलला तो “सॉरी सर”. नाना म्हणाले, “मी सर नाही.” चिठ्ठीवर वेळ होती १२:१८. नानांनी त्याचं नाव विचारून वहीत लिहिलं आणि चिठ्ठीची एक जास्तीची प्रत त्याच्या हातात दिली: “ही जपून ठेव.”

जायचं असेल तर पीडीएफ न्या, आणि डीडब्ल्यूजी नेणार असाल तर सीटीबी बरोबर घ्या. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास उधारी वसुलीमुळे काउंटरवर गर्दी असते. बिल ऑफिसच्या नावाने असलं तरी तुमचं नाव वहीत लिहायला सांगा आणि तुमची प्रत मागून घ्या, नाना देतात. भिंतीवरचा पहिला कागद भरला, आता दुसरा लावला आहे. मशीनच्या डावीकडून आत जायचं. पेन दोरीने बांधलेला आहे.